टाम मास्तरांचा घसा

आ-युंगइतकी भित्री बाई मी उभ्या कँटन शहरात पाहिली नाही. पोस्टमनने गल्लीच्या तोंडाशी हाक मारली की ही मागच्या मोरीत जाऊन बसायची आणि पत्र घ्यायला मला पाठवायची. बाहेर पडताना आडव्या गजांचं ते सरकतं दार ओढायची, कडी लावायची, चार पावलं जायची आणि परत येऊन कडी हलवून बघायची. रस्त्यात गणवेशातला कोणी दिसला, मग तो बसचा कंडक्टर का असेना, हिची नजर थेट स्वतःच्या सपातांवर. मी म्हणायचे, "एवढं भिऊनच जगायचं होतं तर जन्माला कशाला आलीस?" ती म्हणायची, "मला कोणी विचारलं होतं?"

आम्ही दोघी एकाच घरात राहायचो. ती आणि तिचा नवरा खाली, मी माडीवर, आणि चूल सामायिक. दोघी कामालाही एकाच शाळेच्या भटारखान्यात होतो. ती शुन-ताककडची, लहानपणापासून रेशीम कारखान्यात उकळत्या पाण्यातून कोश काढलेली. बोटांची कातडी कायमची गुळगुळीत झाली होती, ठसा म्हणून उरला नव्हता. पण त्याच बोटांनी ती मासा असा साफ करायची की पोराने डोळे मिटून खावा. माझ्यासारखीला एवढा हात असता तर मी मिरवून मिरवून लोकांना हैराण केलं असतं. ती मात्र कोणी स्वयंपाकाची तारीफ केली तरी दचकायची.

तिची भीती उगाच नव्हती, हे मला उशिरा कळलं. तिचा थोरला भाऊ कापडाचं दुकान चालवायचा. बावन्न साली व्यापाऱ्यांच्या सभा झाल्या, तेव्हा त्याला सांगण्यात आलं होतं की मनात असेल ते मोकळेपणाने सांगा, सांगणाऱ्याला माफी आहे. तो सरळ माणूस, त्याने सांगितलं. मग रोज बोलावणं येऊ लागलं, रोज आणखी सांगा म्हणू लागले, आणि एका सकाळी त्याने दुकानाच्या गच्चीवरून खाली उडी घेतली. आ-युंग तेव्हा त्याच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन चालली होती. तिने मला हे एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडताना, मान वर न करता.

अशा बाईला नवरा मिळाला तो टाम मास्तर. आमच्याच शाळेत भाषा शिकवायचे. उंच, काटकुळे, कान पुढे आलेले, आणि बोलायची हौस दांडगी. वाणी तांदूळ मोजत असला तरी हे त्याला एखाद्या शब्दाचं मूळ सांगत उभे. शब्दांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की त्यातला थोडा वाटा बायकोला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मी तोंडावर म्हटलेलं आहे. ते हसायचे. माणूस मनाचा फार चांगला होता.

आमच्याकडे एक बोल आहे, 'बाक फा छाय फोंग'. शंभर फुलं एकदम फुलली, असा त्याचा अर्थ. नव्या वर्षाच्या आधी फुलांचा बाजार भरतो तेव्हा पीच, संत्र्याची झाडं, नार्सिसस, डेलिया असं सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं, तेव्हा तो हमखास निघतो. पण फुलांपुरता नाही. चहाच्या दुकानात टेबलावर एकाच वेळी दहा तऱ्हेच्या खाण्याच्या वाफाळत्या टोपल्या आल्या तरी म्हणायचं, जत्रेत चार वेगळ्या गावांची नाटकं लागली तरी म्हणायचं. कुणीच कुणाला झाकत नाही आणि प्रत्येकाचा रंग वेगळा, असं जिथे दिसेल तिथे तो शोभतो. टाम मास्तर दरवर्षी मुलांना तो वाक्यात वापरायला सांगायचे. एका पोराने लिहिलं होतं, "माझी आजी चिडली की तिच्या तोंडात शिव्यांची शंभर फुलं एकदम फुलतात." मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि भटारखान्यात येऊन आम्हाला वाचून दाखवलं. आ-युंगही हसली होती तेव्हा.

सत्तावन्नच्या वसंतात तोच बोल वरून आला. पेकिंगहून, वर्तमानपत्रातून, सभांतून. शाळेच्या सभागृहात लाल कापडावर ते चार शब्द हातभर मोठे लिहून टांगले. आता फुलं म्हणजे लोकांची मतं. ज्याला जे वाटतं ते त्याने बोलावं, तऱ्हतऱ्हेच्या विचारांनी फुलावं, कम्युनिस्ट पक्षाच्या चुका दाखवाव्यात, कोणाला काही होणार नाही. सेक्रेटरी लो शाळेतले पक्षाचे मुख्य. ते स्वतः भटारखान्यात येऊन आम्हालाही म्हणाले की तुम्हीही बोला, काकू. मी म्हटलं की कोळसा ओला येतो. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि कोळसा पुढेही ओलाच येत राहिला.

ते गेल्यावर आ-युंगने हातातली सुरी खाली ठेवली. ती मला म्हणाली, "आ-हाउ, फूल फुललं की माळी काय करतो गं?"

मी म्हटलं, "बाजारात नेतो."

"त्याच्या आधी?"

तिने सुरी उचलली आणि पुन्हा मुळे चिरायला लागली, पण काप जाडजूड पडत होते.

टाम मास्तरांच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. शाळेची मोठी सभा मे महिन्याच्या मध्यावर ठरली होती आणि त्यांनी बोलण्यासाठी नाव दिलं होतं. रोज संध्याकाळी ते अंगणात फेऱ्या मारत भाषणाची तयारी करायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलांना उत्तरेची प्रमाण भाषा शिकवा, पण निबंधात पोराने घरचा एखादा शब्द लिहिला तर त्यावर लाल काट मारू नका. सगळ्या शहरात एकाच दिवशी एकच धडा एकाच पद्धतीने शिकवायचा हा हट्ट सोडा. एकाच फुलाला पाणी घालायचं असेल तर शंभर फुलांच्या गोष्टी कशाला? इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी एक वाक्य होतं, की जो माणूस स्वतः पुस्तक उघडत नाही त्याने कोणतं पुस्तक शिकवावं हे ठरवू नये. ते कोणासाठी आहे हे शाळेतल्या मांजरालाही कळलं असतं. सेक्रेटरी लो पूर्वी बंदरावर हिशेबनीस होते आणि धड्यांवर सही तेच करायचे.

ते वाक्य ऐकलं की आ-युंग चुलीपासून उठून अंगणाकडची खिडकी लावून घ्यायची. तिने नवऱ्याला विनवलं, रडून पाहिलं, अबोला धरला. ते म्हणायचे, "अगं, विचारलंय म्हणून सांगतोय. न विचारता थोडाच सांगतोय?" भावाचं नाव काढलं तर म्हणायचे की तो काळ वेगळा होता, तो व्यापारी होता, मी शिक्षक आहे. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार शब्द मिळतात.

मग एके दिवशी घरात तळणीचा वास सुटला. तेल रेशनवर मिळायचं त्या काळात. महिन्याची बाटली आम्ही थेंब थेंब वापरायचो, आणि ही बया कढईभर तेलात खारा मासा तळत होती. दुसऱ्या दिवशी पिठाचे गोळे तळले. मग आलं घातलेले भाजके शेंगदाणे. मग बाजारात नुकत्या आलेल्या लिच्या, टोपलीभर. मी कपाळाला हात लावला. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की तळलेलं, भाजलेलं, लिची, आलं हे सगळं उष्ण. अंगात उष्णता चढली की तोंड येतं आणि घसा बसतो.

मी विचारलं, "मारायचाय का मास्तरांना?"

ती म्हणाली, "बोलती बंद करायचीय. सभेपुरती."

मास्तर आनंदाने खात होते. बायकोने अबोला सोडून लाड सुरू केलेत, एवढंच त्यांना कळलं. घसा खवखवायला लागला तेव्हा ते नाक्यावर कडू काढा प्यायला निघाले. तिथे पितळी हंड्यातून वाटीभर काळा काढा मिळतो, तो प्यायला की उष्णता उतरते. आ-युंगने अडवलं. म्हणाली, दुकानातला पाणचट असतो, मी घरी उकळते. आणि तिने उकळला खरा, पण त्यात संत्र्याची जुनी सालं, करपवलेला तांदूळ आणि मूठभर आलं. कडू लागत होता आणि घशात आग ओतत होता. तो प्रेमळ माणूस डोळे मिटून वाटी रिकामी करायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हातचं औषधही चांगलं लागतं." तिचा चेहरा तेव्हा मला बघवत नव्हता. पण तिला सांगून काय उपयोग? भीतीने पछाडलेल्या माणसाला शहाणपण ऐकू येत नाही.

सभेच्या दिवशी सकाळी मास्तरांच्या घशातून नुसती हवा येत होती. आ-युंगचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिने कडी एकदाच लावली.

दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. आम्ही दोघी मागच्या दाराशी उकळत्या पाण्याची पिंपं घेऊन उभ्या होतो. टाम मास्तरांचं नाव पुकारलं. ते उठले, घशाकडे बोट दाखवलं, लोक हसले. आ-युंगने माझा दंड धरून ठेवला होता, तो तिने सोडला. तेवढ्यात मास्तर वळले आणि शेजारी बसलेल्या कोंग मास्तरांच्या हातात त्यांनी कागद दिला.

कोंग मास्तर म्हणजे कवायतीचे शिक्षक. छाती कपाटाएवढी आणि आवाज असा की मैदानावरून 'सावधान' म्हणाले तर भटारखान्यात आमची पाठ ताठ व्हायची. त्यांना मत नावाची गोष्टच नव्हती. शाळेत त्यांच्या दोनच मागण्या असायच्या, नवा चेंडू आणि जेवणात जास्त भात. ते मंचावर गेले आणि टाम मास्तरांचं भाषण त्यांनी कवायतीच्या आवाजात वाचलं. प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता. नवऱ्याने अंगणात पुटपुटलेली वाक्यं त्या आवाजात ऐकताना आ-युंग माझ्या शेजारी हळूहळू खाली बसत गेली. शेवटचं वाक्य आलं, पुस्तकाचं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरी लोंनीही टाळ्या वाजवल्या, अगदी सावकाश.

त्यानंतरचे दिवस कोंग मास्तरांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. घाईगर्दीत निम्म्या लोकांनी कागद देताना पाहिलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, कोंगचाच कागद टाम धरून बसला होता. मुलं त्यांना थांबवून म्हणायची, सर, काय बोललात. तरुण शिक्षक हात मिळवायचे. कोंग मास्तर लाजायचे, पण 'ते माझं नाही' असं काही म्हणायचे नाहीत. जन्मभर ज्याला फक्त शिट्टी वाजवायला बोलावलं, त्याला लोक विचारवंत म्हणायला लागले तर तो का नाही म्हणेल? टाम मास्तरही हसून गप्प बसले. घसा सुधारल्यावर ते मला म्हणाले, "विचार पोचला ना? कोणाच्या तोंडून का असेना."

जून उजाडला आणि वर्तमानपत्राची भाषा एका सकाळी पालटली. टाम मास्तरांनी दारात उभं राहून पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घडी घालून ते आत गेले. फुलं फुलली होती ती बरीचशी विषारी निघाली, असं आता वरचं म्हणणं होतं, आणि विषारी रोपं उपटायची होती. सभागृहातलं लाल कापड मात्र कोणी काढलं नाही, त्याच्याचखाली आता नावं पुकारली जाऊ लागली. इतिहासाच्या एका शिक्षकांना नेलं. प्रयोगशाळेतल्या बाईंना नेलं. भटारखान्यात जेवायला येणारे लोक एकमेकांपासून एक बाक सोडून बसायला लागले. पूर्वी त्या खोलीत कान किटायचे, आता फक्त चमच्यांचा आवाज येई.

आणि मग कोंग मास्तरांना बोलावलं.

आ-युंगच्या भीतीत आता थोडी सुटकाही होती. हे मी बोलते आहे, ती कधी बोलली नाही. ती फक्त नवऱ्याच्या हालचाली बघत राहायची. तो पाणी प्यायला उठला तरी हिची मान वळे. कोंग मास्तरांनी आत काय सांगितलं ते आम्हाला कळलं. त्यांनी सांगितलं की भाषण माझंच. का सांगितलं ते देवाला ठाऊक. मित्राला वाचवायचं होतं, की पंधरवडाभर मिरवल्यावर आता 'माझं नाही' म्हणायची लाज वाटली? मला वाटतं दोन्ही असेल. माणूस एका कारणाने काही करत नाही.

एका दुपारी कोंग वहिनी आमच्या दारात आल्या. पाठीला मूल बांधलेलं, चेहरा उतरलेला. आ-युंगने गजांतून बघितलं आणि उघडायला इतका वेळ लावला की शेवटी मीच दार सरकवलं. वहिनी टाम मास्तरांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, यांना कबुलीजबाब लिहायला सांगितलंय, दहा वेळा परत पाठवला, मनापासून लिहिलेला वाटत नाही म्हणतात. तुम्ही भाषेचे मास्तर, तुम्ही चार ओळी लिहून द्या.

मग त्या म्हणाल्या, "मला एक कळत नाही, मास्तर. इतकं छान भाषण ज्याने लिहिलं, तो माणूस चार ओळींसाठी घामाघूम का होतो?"

पाठीवरचं पोर आ-युंगकडे बघून हसलं. टाम मास्तर म्हणाले की उद्या येतो, काळजी करू नका. त्यांचा आवाज पूर्ण परत आला होता, स्वच्छ आणि खणखणीत.

वहिनी गेल्यावर मास्तरांनी टोपी हातात घेतली. म्हणाले, "उद्या कशाला? आजच जातो. शब्द माझे आहेत, सांगून टाकतो."

आ-युंग दाराला पाठ लावून उभी राहिली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मागचे गज दोन्ही हातांनी धरून ती जागची हलत नव्हती. तिने सगळं सांगितलं. मासा, लिच्या, शेंगदाणे, तो खोटा काढा. भराभरा सांगितलं, जणू ऐकून त्यांना राग येईल आणि रागात ते जायचं विसरतील.

मास्तरांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "म्हणजे तू माझा आवाज नेऊन कोंगच्या गळ्यात बांधलास."

"मी तुला घरात ठेवला."

"आणि त्याला?"

"तो माझा कोण?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "टाम, मला दुसऱ्या कोणाचं नाही माहीत. माझ्या भावाला मी फरशीवरून उचललाय. मला आणखी एक माणूस उचलायला लावू नकोस."

त्यांनी तिच्या खांद्याला धरलं आणि हळूच बाजूला केलं. ती बाजूला झाली. तिच्यात ताकद नव्हती म्हणून, की कोंग वहिनींचा प्रश्न तिलाही ऐकू आला होता म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. दार सरकलं, ते गेले. तिने कडी लावली नाही. उघड्या दारात उंबऱ्यावर बसून राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी.

टाम मास्तरांना वाटलं होतं, खरं सांगितलं की कोंग सुटेल. त्यांच्या हिशेबात एक चूक होती. तिथे एकाच्या बदल्यात दुसरा असा व्यवहारच नव्हता, आता दोघं झाले एवढंच. एकाने लिहिलं, एकाने वाचलं, म्हणजे कटही झाला.

दोघांना दोषी ठरवायची सभा एकाच दिवशी ठेवली. रिवाज असा होता की घरच्या माणसाने उभं राहून दोन शब्द बोलायचे, आपण त्याच्यापासून वेगळे आहोत हे सांगायचं. सेक्रेटरी लोंनी आ-युंगला बोलावून समजावलं. ते काही वाईट बोलले नाहीत. म्हणाले, काकू, दोन वाक्यं बोला आणि बसा, तुमची नोकरी तुमच्याकडे राहील. मी चुलीपाशी तिच्याकडून ती दोन वाक्यं घोकून घेतली. माझा नवरा चुकला. मी त्याच्या विचारांची नाही. ती भांडी घासताना म्हणायची, भात वाढताना म्हणायची. मी म्हटलं, टाम मास्तर मनाला लावून घेणार नाहीत, त्यांना कळेल. ती म्हणाली, "ते कळतं म्हणून तर तोंडातून निघत नाही."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला आशा नको. टाम मास्तरांना उत्तरेच्या डोंगरातल्या शेतावर सक्तमजुरीला पाठवलं आणि ते परत आले तेव्हा त्यांचे पुढचे दात गेले होते आणि ते हळू बोलायचे, ऐकणाऱ्याला जवळ जावं लागायचं. कोंग मास्तरांना शाळेतच ठेवलं, घंटा वाजवायला. आ-युंगला भटारखान्यातून काढून संडास धुवायला लावलं आणि तिने ते वर्षानुवर्षं केलं. पण मी सांगत होते ते त्या सभेचं.

सभागृह भरलं होतं. मंचावर टाम मास्तर आणि कोंग मास्तर माना खाली घालून उभे होते, वर ते लाल कापड. कोंग मास्तरांचे खांदे इतके पडले होते की त्यांचा सदरा दुसऱ्याचा वाटत होता. आ-युंगचं नाव पुकारलं. ती माझ्या शेजारून उठली. पुढे जाऊन उभी राहिली आणि तिचं ततपप व्हायला लागलं. माझा नवरा, म्हणाली. माझा नवरा. मी खालून ओठ हलवून तिला शब्द दाखवत होते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

ती म्हणाली, "माझा नवरा बोललाच नाही."

सेक्रेटरी लो म्हणाले, "काय?"

"या सभागृहात तो एक शब्द बोलला नाही. सगळ्यांना विचारा. त्याला बोलता येऊच नये म्हणून मी त्याचा घसा बसवला होता. मासा तळून घातला, लिच्या घातल्या, काढ्यात आलं घातलं. महिन्याचं तेल संपवलं. त्याने नाही बोलायचं असं मी ठरवलं होतं, साहेब. त्याची चूक नाही. मी होते ना."

मागच्या बाकांवर कोणी तरी फिसकन हसलं. मग हसू पसरत गेलं. कित्येक आठवड्यांत त्या सभागृहात कोणी हसलं नव्हतं. लोक डोळे पुसून हसायला लागले, खारा मासा, लिची, बायकोचा काढा. सेक्रेटरी लोंच्याही तोंडावर हसू आलं. टाम मास्तरांनी मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. माझ्या मनात आलं, सुटली. वेडी बाई म्हणून सोडून देतील, नवऱ्यालाही थोडं कमी होईल. तेवढ्यात सेक्रेटरींचं हसू ओसरलं. त्यांना काही तरी लक्षात आलं होतं.

ते म्हणाले, "पण का?"

आ-युंगने नजर सपातांवर नेली.

"आम्ही तर सांगितलं होतं, बोला. कोणाला काही होणार नाही असंही सांगितलं होतं. त्या वेळी सगळी शाळा खूश होती. तुम्ही एकट्याच का नवऱ्याचा घसा बसवत होतात?"

"भीती वाटली, साहेब."

"कशाची?"

हसू केव्हाच थांबलं होतं. आता कुठलंही खरं उत्तर वाईटच होतं. तिने काहीही सांगायला हवं होतं. नवरा चारचौघांत फजिती करून घेईल याची भीती, लोक हसतील याची भीती, सासऱ्यांच्या नावाला बट्टा लागेल याची भीती. शंभर खोटी उत्तरं होती, मला बसल्या जागी दहा सुचत होती. पण आ-युंग इतकी घाबरली होती की तिला खोटं सुचलंच नाही. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वर कापडाकडे बघितलं. मग सेक्रेटरी लोंकडे सरळ बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या डोळ्यांत बघत असावी.

"तुमची," ती म्हणाली.

अंगणातल्या नळाचं पाणी टपटपत होतं ते आत ऐकू येत होतं. कोंग मास्तर हुंदका आवरायला गेले आणि तो त्यांच्या त्या मोठ्या आवाजात निसटला. सेक्रेटरी लो तिच्याकडे बघत नव्हते, ते आमच्याकडे बघत होते, एकेका बाकावरून नजर फिरवत.

"आणखी कुणाला वाटते आमची भीती?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. "सांगा. मोकळेपणाने सांगा."

एकही हात वर झाला नाही. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून बसले होते, कारण बाहेर ठेवले असते तर ते कापताना सगळ्यांना दिसले असते.